दोन पांगुळगाडे

माझा चुलत भाऊ आणि मी एकाच हिवाळ्यात चालायला शिकलो. तो तेव्हा सव्वा वर्षाचा होता आणि मी दहाची. तो माझ्या आधी शिकला. ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते, आणि तो स्वतः तर घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो.

अर्थात माझं ते दुसरं शिकणं होतं. पहिल्यांदा मी सगळ्या लेकरांसारखीच वेळेवर चालले होते, आणि त्यानंतर थांबलेच नव्हते. माय म्हणायची, "ही पोरगी चालताना कधी दिसली न्हाई. एक तर पळती, न्हाई तर पडती." माळवदावरून शेणाच्या उकिरड्यावर उडी मारणं, बैलगाडी चालू असताना मागून चढणं, लिंबाच्या झाडावर बसून शाळेची घंटा ऐकणं, हे माझे रोजचे उद्योग. लंगडीत तर आमची जोडी तालुक्याला पुरून उरली असती, असं आम्हा दोघींचं मत होतं. दुसरी म्हणजे ओढ्यापलीकडच्या वस्तीतली माझ्याच वर्गातली पोरगी. पळताना ती कुणाच्या हाती लागायची नाही, आणि लंगडी घालताना माझ्या हातून कुणी सुटायचं नाही.

आमचं गाव जिंतूरच्या रस्त्याला, बोरीपासून थोडं आत. घर कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं. घरात आबा म्हणजे माझे वडील, माय, काका, काकू आणि काकूचं रांगतं लेकरू. त्याला सगळे बारकं म्हणायचे. बारशात ठेवलेलं नाव कुणाच्या तोंडात बसलं नव्हतं.

त्या वर्षी आखाड लागायच्या आधी माझा डावा गुडघा सुजला. दुसऱ्या दिवशी डावा उतरला आणि उजवा सुजला. मग घोटा. काकूनं एरंडाची पानं गरम करून बांधली. ती एका सांध्याला बांधेपर्यंत सूज दुसरीकडं जायची. माय म्हणाली, "सूज अंगभर हिंडायलीय." आबा म्हणाले, "हिचीच सूज हाय. एका जागी कशी बसंल?" पण मग ताप आला आणि उतरेना. तेव्हा मला गोधडीत गुंडाळून एस्टीनं परभणीला नेलं.

परभणीचे डॉक्टर शांत माणूस. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. त्यांना आत काय ऐकू येतंय ते आबा त्यांच्या तोंडाकडं बघून ओळखायचा प्रयत्न करत होते.

"सांध्यातला ताप हृदयापर्यंत पोचलाय," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या देतो, सुया देतो. पण खरं औषध विश्रांती. हिला बाजेवरून उठवायचं नाही. मी सांगेपर्यंत अजिबात हालचाल नको. दीड महिन्यानं परत आणा."

इथं आबांबद्दल सांगायला हवं. आबा हा सांगितलेलं सांगितल्याप्रमाणे करणारा माणूस. एकदा तलाठी त्यांना "इथंच थांबा, आलोच" म्हणाला आणि घरी गेला. तो जेवला, झोपला आणि दुपार टळल्यावर परत आला. आबा त्याच लिंबाखाली उभे. तलाठी ओशाळून म्हणाला, "बसायचं तरी." आबा म्हणाले, "तुमी थांबा म्हणले होते. बसा न्हाई म्हणले." अशा माणसाच्या हाती डॉक्टरांनी "अजिबात हालचाल नको" हे वाक्य दिलं होतं.

घरी आल्यावर माझी बाज ढाळजेत टाकली. ढाळज म्हणजे दारातून आत शिरल्याबरोबरची मोकळी जागा. तिथं येणाराजाणारा दिसतो, म्हणजे पोरीला करमेल, हा मायचा विचार. येणाराजाणारा मला बघेल आणि मी हलले तर सांगेल, हा आबांचा. चालणं तर बंद झालंच, पण उठून बसायचंही नाही. कूस बदलायची तर कुणाला तरी हाक मारून. एकदा मी शिंकले तर आबा अंगणातून पळत आले. मग काकांना म्हणाले, "शिंक थांबवायची गोळी मिळती का, इचार." बैलगाडीवाला शेजारी ढाळजेत बसून गमती सांगायचा, त्याला आबांनी सांगून टाकलं, "हसायचं काही बोलू नको. पोट हलतं तिचं." बिचारा रोज येऊन कोणकोण वारलं ते सांगू लागला.

जेवण, वेणीफणी आणि बाकीचं सगळं बाजेवरच. सरकारी दवाखान्यातला सुई देणारा माणूस ठरल्या दिवशी सायकलवर यायचा, सुई द्यायचा आणि जायचा. मायनं त्याला एकदा विचारलं, "आता हिला उठवावं का?" तो म्हणाला, "मला फक्त सुईचं सांगितलंय." आबांना तो माणूस फार आवडला.

पायांना काम नाही म्हटल्यावर सगळं अंग हातात येऊन बसलं. शेजारची मैत्रीण शाळा सुटल्यावर यायची आणि आम्ही बाजेवर गजगे खेळायचो. मी आडवी पडून खेळायची. गजगा वर उडवायचा, खालचे गोळा करायचे आणि वरचा झेलायचा, हे सगळं उताणं पडून करायचं म्हणजे नेम चुकला की गजगा थेट नाकावर. दोन-तीन वेळा नाक शेकल्यावर माझा नेम असा बसला की गल्लीतल्या पोरी हरायला कंटाळून यायच्या बंद झाल्या. गुडघ्याखाली आपल्याला काही आहे, याची मात्र हळूहळू आठवण येईनाशी झाली.

दीड महिना भरत आला. आणि त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. एस्ट्या बंद झाल्या. रस्त्यावर झाडं तोडून टाकलीत, असं लोक सांगायचे. ढाळजेत बसलेली मोठी माणसं मी झोपलेय असं समजून हळू बोलायची. कुठल्या गावात वस्तीतली घरं जाळली, कुठं माणसांना मारलं. आमच्या गावात आग लागली नाही. पण ओढ्यापलीकडची वस्ती दोन दिवसांत निम्मी रिकामी झाली, आणि त्याबद्दल आमच्या ढाळजेत कुणी मोठ्यानं बोललं नाही.

शेजारच्या मैत्रिणीनं शाळेतून येऊन सांगितलं, "तुझ्या लंगडीच्या जोडीदारणीची जागा रिकामीच हाय."

मी मायला विचारलं, "तिला पण ताप हाय का?"

"न्हाई," माय म्हणाली. "तिला घरच्यांनी परभणीला मावशीकडं नेलंय. बाहेर पडू देत न्हाईत."

"कोणत्या डॉक्टरनं सांगितलं?"

माय माझी गोधडी सारखी करत राहिली.

एस्ट्या सुरू झाल्या तेव्हा नदीला पूर होता. पूर ओसरला तेव्हा मूग काढायला आला होता. मग ज्वारीची पेरणी, मग कापसाची वेचणी. वेचणीला माणूस मिळायचं नाही, तर परभणीला जायला कुठलं मिळणार? काकांनी एकदोनदा विषय काढला.

"दादा, दीड महिना कधीच होऊन गेला. आता उठवा की पोरीला."

"दीड महिन्यानं आणा म्हणले डॉक्टर," आबा म्हणाले. "उठवा कुठं म्हणले? सांगेपर्यंत न्हाई म्हणले. सांगितलं का त्यांनी?"

"भेटल्याबिगर कसं सांगतील?"

"मग भेटल्यावर बघू."

काका वेचणीला निघून गेले. मायला मात्र ते आत कुठं तरी खायचं. अंग पुसताना ती माझी पोटरी हातात धरून बघायची. ती कापसाच्या पऱ्हाटीच्या काडीसारखी झाली होती.

त्या दिवसांत माझा खरा सोबती बारकं. मी आडवी झाले तेव्हा ते नुकतं रांगायला लागलं होतं. ते बाजेखालून शिरायचं, पलीकडून निघायचं, वाटेत खालून सुतळ्या ओढायचं. एक दिवस त्यानं बाजेचा खूर धरला आणि गुडघ्यावर उभं राहिलं. मला काम मिळालं. "अजून वर. पाय लाव. तो न्हाई, दुसरा." मी उताणी पडून हुकूम सोडायची आणि ते माझ्याकडं बघत लाळ गाळायचं. दिवाळीच्या सुमारास ते खूर धरून पुरतं उभं राहिलं, माझी वेणी पकडली आणि वेणीच्या आधारानं बाजेच्या या टोकाकडून त्या टोकाकडं गेलं. मी ओरडले, पण हलले नाही. आबांनी दोघांचंही कौतुक केलं.

संक्रांत झाली आणि वेचणी हलकी झाली, तेव्हा मला परभणीला नेलं. एस्टीत चढवताना काकांनी मला उचललं आणि कंडक्टरनं लांब पायांकडं बघून पुरं तिकीट फाडलं. तापात पोरं वाढतात म्हणतात. मी आडव्या आडव्या वीतभर वाढले होते.

डॉक्टरांनी आधी ओळखलंच नाही. मग कागद बघितला.

"आता कशी आहे? शाळेत जाते का?"

"न्हाई जी," आबा अभिमानानं म्हणाले. "बाजेवरच हाय. एक पाऊल टाकू दिलं न्हाई."

"तेव्हापासून?"

"तुमी सांगेपर्यंत म्हणले होते."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्यांनी बराच वेळ माझी छाती ऐकली. मग म्हणाले, "हृदय छान आहे. सुया चालू ठेवा. उभी राहा बाळ."

काकांनी मला टेबलावरून खाली ठेवलं. फरशी गार होती, एवढंच मला आठवतं. पायांना मी उभं राहा म्हटलं आणि त्यांनी काही ऐकल्याचं दाखवलं नाही. नुकत्याच व्यालेल्या गाईचं वासरू कसं चारी पाय चार दिशांना टाकतं, तसं माझं झालं, आणि मला तर दोनच होते. मी वजनाच्या काट्याला मिठी मारली आणि काट्यासकट हळूहळू खाली बसले.

मायच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. पाय चांगले आहेत, फक्त विसरलेत. हळूहळू चालवा. लहान लेकराला शिकवतात ना, अगदी तसं."

मायनं आबांकडं बघितलं. ते वाक्य आबांच्या डोक्यात जाऊन बसताना तिला दिसलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा सुताराकडं गेले. बारक्यासाठी काकूच्या माहेराहून पांगुळगाडा आला होता, तीन चाकांचा, ढकलत चालायचा. आबांनी तो नमुन्याला नेला.

"असाच पायजे," आबा म्हणाले. "फक्त माझ्या पोरीच्या छातीएवढा."

सुतारानं मला नेहमी झाडावर बघितलेलं. तो म्हणाला, "एवढ्या मोठ्या पोरीला पांगुळगाडा?"

"लहान लेकराला शिकवतात तसं शिकवा, म्हणले डॉक्टर."

सुतारानं बाभळीच्या लाकडाचा असा दणकट गाडा केला की त्याला एक बैल जुंपता आला असता. चाकं कुरकुर करायची. माझा गाडा गल्लीत निघाला की वाड्यावस्तीवर कळायचं.

मग आमच्या दारात रोज सकाळी दोन गाडे निघू लागले. पुढं बारकं, मागं मी. लोक दात घासत बघायला उभे राहायचे. बारकं पडलं की सगळे हसायचे, ते पण हसायचं आणि उठायचं. मी पडले की सगळे "अरे अरे" करत धावायचे. धावणाऱ्यांत एखादा माझ्याच गाड्याला अडखळायचा. बारक्याला पडण्याची लाज नव्हती. पडणं हा त्याच्या लेखी चालण्याचाच एक प्रकार होता. मला मात्र रोज सगळ्या गल्लीसमोर आपटायचं म्हणजे मरणाची लाज. त्यामुळं मी गाडा घट्ट धरायची, आणि ते गाडा सोडून द्यायचं. एक दिवस त्यानं गाडा सोडला आणि चार-सहा पावलं टाकत आबांच्या धोतराला जाऊन मिठी मारली. घरभर आनंद झाला. मी गाडा धरून त्या आनंदात सामील झाले, पण मनातून त्याला एक चिमटा काढावासा वाटला.

आमची गल्ली हापशाकडं उतरत जाते. बारकं सुटं चाललं त्याच आठवड्यात मी ठरवलं की आज जोरात जायचं. गाड्यानं पण तेच ठरवलं असावं. उतार लागला आणि गाडा पळू लागला. त्याच्या मागं मी पळू लागले. पळताना माझ्या लक्षात आलं की थांबणं ही शिकावी लागणारी वेगळी विद्या आहे आणि ती मी अजून शिकलेले नाही. मागून आबा ओरडत होते, "थांब." पण गाडा सोडला तर पडायचं आणि धरला तर जायचं, यात मी जायचं निवडलं. हापशावर बायका पाणी भरत होत्या. चाकांची कुरकुर ऐकून त्या बाजूला झाल्या, पण घागरी आपल्या जागी राहिल्या. गाडा घागरींच्या रांगेत घुसला. पितळेच्या घागरी गल्लीभर गडगडत गेल्या, आणि मी गाड्याच्या दांडीवर पोटावर लोंबकळत राहिले.

मग एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "चालायला शिकली का न्हाई ठाऊक न्हाई. हाकायला शिकली."

घागरींना पोचे पडले, मला नाही. आणि एक झालं. त्या उतारावर माझे पाय एकदा तरी पळाले होते, हे पायांच्या लक्षात राहिलं. होळीच्या आत मी गाड्याशिवाय चालू लागले.

चालणं आलं म्हणजे सगळं आलं, असं घरच्यांना वाटलं. मलाही वाटलं होतं. पण हरवलेल्या संसारातली चालणं ही एकच वस्तू सापडली होती. बाकीचं सगळं हरवलेलंच होतं. ओटा चढताना पाय किती उचलायचा ते कळेना, कारण माझ्या डोक्यातले पाय आखाडातले होते आणि अंगावरचे वीतभर लांब. उंबरठ्यावर रोज अंगठा ठेचायचा. अजूनसुद्धा अनोळखी घरात शिरताना माझी नजर आधी खाली जाते. पळायला गेले तर पाय बांधलेल्या कोंबडीसारखी पळायची. वळायचं म्हणजे आधी थांबून, मग सगळं अंग फिरवून, बैलगाडी वळवतात तसं. मैत्रिणीनं फेकलेला चेंडू मी झेलायला जायची तोवर तो माझ्या कपाळाला लागून परत तिच्याकडं जायचा. गजगे झेलणारे हात तेच होते, पण हातांनी फक्त आडवं राहून झेलणं शिकलं होतं. उभं राहून झेलायचं तर पायांना विचारावं लागायचं, आणि पाय उत्तर देत नव्हते.

शाळेत परत गेले तेव्हा पोरींनी गंभीरपणे विचार करून मला लंगडीत लिंबूटिंबू केलं. लिंबूटिंबू म्हणजे ज्यानं खेळात असायचं पण मोजायचं नाही, असं बारीक लेकरू. मला कुणी बाद करायचं नाही आणि मी बाद केलेलं धरायचं नाही. भांडायचा पण हक्क नाही. लंगडी घालणारी पोरगी माझ्या अंगाला घासून जायची आणि दुसरीला धरायची.

ओढ्यापलीकडची माझी जोडीदारीण त्याच सुमारास परत आली होती. तिला कुणी लिंबूटिंबू केलं नाही, पण पहिल्याच फेरीत ती बाद झाली आणि धापा टाकत माझ्याशेजारी येऊन बसली. तिला धापा टाकताना मी पहिल्यांदा बघत होते.

"तुला काय झालं होतं?" मी विचारलं.

"काही न्हाई. मावशीच्या खोलीत होतो आमी सगळे. मावशी पाय वाजवू द्यायची न्हाई." मग तिनं विचारलं, "तुला?"

"ताप. आबा शिंकू द्यायचे न्हाईत."

ती हसली. मग आम्ही परकर घोट्याच्या वर घेऊन पोटऱ्या शेजारी शेजारी लावून बघितल्या. माझी बारीक निघाली. तिनं ते मान्य केलं. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत आम्ही शाळेच्या मागं दोघीच लंगडी घालायचा सराव करू लागलो. भिंत धरून ती, भिंत धरून मी. तिला घरी बोलवावं असं मला फार वाटायचं. पण त्या वर्षी कुणी कुणाच्या दारात सहज जात नव्हतं.

घरी माझी तालीम कापसाच्या खोलीत चालायची. त्या वर्षीचा कापूस अजून विकायचा होता आणि ढाळजेच्या बाजूची खोली छताच्या हातभर खालपर्यंत भरलेली. दाराजवळ थोडी जागा आणि पुढं नुसता पांढरा डोंगर. तिथं कितीही पडलं तरी लागायचं नाही. शेजारची मैत्रीण, मी आणि बारकं दुपारी आत शिरायचो. एका पायावर उभं राहायचं, डोंगराच्या दिशेनं उड्या मारायच्या आणि पडायचं. बारक्याला उडी मारता येत नव्हती, पण पडण्यात ते आम्हाला भारी होतं. तिथं मला पडायची लाज वाटेनाशी झाली. बघायला गल्ली नव्हती आणि आवाज पण व्हायचा नाही.

आवाज झाला नाही, पण पुरावा राहिला. एका दुपारी आम्ही बाहेर आलो तर दारात माय. आमच्या केसांत, परकरात, बारक्याच्या नाकात कापूस.

माय बारक्याचं नाक साफ करत म्हणाली, "आत काय करायलाव?"

मी खरं सांगितलं. मला वाटलं आता ती आबांना सांगणार. ती म्हणाली, "दाखव बरं लंगडी."

मी परत आत जाऊन दाखवली. तीन उड्या आणि कापसात.

"टाच टेकवायलीस तू," माय म्हणाली. "आन् गुडघा ताठ ठेवायलीस. ताठ गुडघ्यानं कोण उडतं?" तिनं दार आतून लोटलं, काष्टा जरा वर खोचला आणि एका पायावर उभी राहिली. मग चवड्यावर अशी टुणटुण उडत दाराजवळच्या मोकळ्या जागेत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली, वळली आणि परत आली. वळताना तिनं नुसतं कंबरेनं अंग झोकलं. मैत्रिणीचा आ वासला. माझी माय गंगाखेडकडची, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं. तिथं गोदावरीच्या वाळूत लेकीबाळी लंगडी खेळत मोठ्या होतात आणि वाळूत जिला उडता येतं तिला कापूस म्हणजे काहीच नाही, हे तिनं कधी सांगितलंच नव्हतं. सांगायला तिला वेळ कुठं होता?

ती दुसऱ्यांदा करून दाखवत असताना दार उघडलं आणि आबा आत आले.

आबांनी बघितलं ते असं. बायको एका पायावर. पोरगी कापसात कमरेपर्यंत रुतलेली. शेजारची पोरगी तोंडावर हात ठेवून उभी. बारकं डोंगराच्या पायथ्याशी बसून कापूस खात होतं.

माय पाय खाली टेकवणार होती, पण तिनं टेकवला नाही.

"हे काय चाललंय?" आबांनी विचारलं.

"डॉक्टरनं सांगितलेलं," माय एका पायावरूनच म्हणाली. "लहान लेकराला शिकवतात तसं म्हणले ना? मला माझ्या मायनं असंच शिकवलं होतं."

आबांनी ते वाक्य आठवून बघितलं. वाक्य तसंच होतं. त्यात लंगडी घालू नका असं कुठं नव्हतं, आणि बायकोनं घालू नये असंही नव्हतं. त्यांनी दाराच्या चौकटीवर दोन-तीनदा बोटं वाजवली.

"कापूस मळंल," ते शेवटी म्हणाले.

"पाय धुऊन आलोत," माय म्हणाली. ते खोटं होतं.

"मग ठीक हाय." आबांनी बारक्याच्या तोंडातला कापूस काढला, खिशात ठेवला आणि जाताना दार लावून घेतलं. कापूस विकला जाईपर्यंत ती खोली दुपारी आमची होती. पुढं पुढं काकू पण यायची. तिला लंगडी येत नव्हती, पण हसायला माणूस लागायचं.

गुढीपाडव्यानंतर सकाळची शाळा सुरू झाली आणि खेळाच्या सरांनी शेवटचे सामने लावले. पटांगणावर फक्कीनं चौकोन आखला. सरांनी कुणाला कुठं घ्यायचं ते बोट दाखवून ठरवलं, आणि माझ्याकडं बोट आल्यावर एक पोरगी म्हणाली, "सर, ती लिंबूटिंबू हाय."

सरांनी माझ्या वाढलेल्या उंचीकडं बघितलं. "ही? ही तर माझ्या खांद्याला लागायली. हिला मोजा."

तर मला मोजलं. माझी जोडीदारीण पहिल्यांदाच समोरच्या गटात होती. तिची पाळी आली तेव्हा चौकोनात मी एकटी उरले होते. ती लंगडी घालत आली. तिचं उडणं अजून पूर्वीसारखं नव्हतं, माझं पळणंही नव्हतं. तरी मी तिला एकदा डावीकडं हूल दिली आणि उजवीकडं सटकले. मायनं दाखवलं होतं तसं अंग कंबरेतून झोकलं गेलं, पाय मागून आले आणि मी पडले नाही. दुसऱ्यांदा तेच करायला गेले तर माझी वेणी तिच्या हातात.

"बाद," ती म्हणाली.

"तुझा पाय टेकला होता," मी म्हणाले.

"न्हाई टेकला."

"टेकला. मातीत उमटलाय बघ."

"तो तुझाच हाय. तूच बैलासारखी वळलीस."

सरांनी पोरींना विचारलं. निम्म्या म्हणाल्या टेकला, निम्म्या म्हणाल्या नाही. आम्ही दोघी मातीतल्या त्या ठशावर आपापला पाय ठेवून बघत होतो. दोघींनी इतक्यांदा पाय ठेवला की ठसा मोडला आणि कुणालाच बसेना. भांडत भांडत आम्ही पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो, पाणी प्यालो आणि परत भांडलो. तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली.

घरी गेल्यावर मायनं विचारलं, "कोण जिंकलं?"

मला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत लवकर गेले तर ती आधीच येऊन पटांगणावर उभी होती, आणि फक्कीचा पुसट झालेला चौकोन पायानं नव्यानं ओढत होती.